वाचकांचे प्रश्न : सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणजे स्वयंपाक की पाककृती?

प्रश्न : ताई, मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाषाणला राहते. आमच्या प्रोजेक्टमध्ये ऊर्जा मॉडेलिंगमधल्या (वीज-इंधनाचं गणित कॉम्प्युटरवर मांडण्यातल्या) शब्दांची ऑन्टोलॉजी, म्हणजे मशीनलाही वाचता येईल अशी व्याख्यांची मांडणी, करायचीये आणि माझ्या वाट्याला 'सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस' आलंय. मी व्याख्या लिहिली, 'एकेक इनपुट बदलून आउटपुटवर काय परिणाम होतो ते बघण्याची पद्धत'. गाइड म्हणतात ही पद्धत नाही, प्रोसेस आहे. सीनियर म्हणतो हा सिनेरिओचाच एक प्रकार, त्याच्याखाली टाक. मैत्रीण म्हणते ॲनालिसिस म्हणजे शेवटी रिझल्टच ना, रिपोर्टमध्ये छापतो तो. तीन आठवडे झाले एकाच ओळीवर अडकलेय. कोण बरोबर? ताजा कलम : याला मराठी शब्द कुठला देऊ?

उत्तर : अगं, एका ओळीवर तीन आठवडे म्हणजे फार नाही. आपल्याच येरवड्याला, डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या मोठ्या शब्दकोशाचं काम १९४८ ला हातात घेतलं आणि पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. पण त्यांच्या आणि तुझ्या कामात एक फरक आहे आणि तुझी सगळी गोची तिथंच आहे. कोशकार शब्द कुठं कुठं कसा वापरलाय ते गोळा करतो, सात अर्थ सापडले तर एक ते सात आकडे घालून सातही देतो, वाचणारा संदर्भ बघून आपापला अर्थ उचलतो. ऑन्टोलॉजीत ही सोय नाही, कारण ती मशीनला पण वाचायची असते आणि मशीनला संदर्भबिंदर्भ काही कळत नाही. एका टर्मला एकच जागा द्यायची. दुसरा अर्थ असेल तर त्याला दुसरं नाव.

हे सगळं कशाला करायचं असं घरचे विचारत असतील तर त्यांना माझा किस्सा सांग. एका ठिकाणी दोन टीमचा डेटा एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं होतं. दोन्ही शीटमध्ये 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा कॉलम, स्पेलिंगसुद्धा तेच, म्हणून दिला जोडून. एका टीमच्या कॉलममध्ये होतं 'हाय गॅस प्राइस', 'लो डिमांड' असं काहीबाही, म्हणजे रनची (मॉडेल एकदा चालवलं की एक रन) नावं, आणि दुसरीच्या कॉलममध्ये ०.३२, ०.०७ असे आकडे, म्हणजे कुठल्या इनपुटचा किती वाटा ते. जोडताना एरर आली नाही, शीट छान दिसत होती. संध्याकाळी चार्ट काढायला गेले तेव्हा कळलं की दिवस फुकट गेला. दोन्ही टीम त्यांच्या त्यांच्या जागी बरोबरच होत्या, तेच तर अवघड असतं.

आता तुमच्या तिघांच्या भांडणाकडे येते. आपण म्हणतो 'स्वयंपाक चालू आहे', आणि आपणच म्हणतो 'स्वयंपाक झाकून ठेव'. पहिला स्वयंपाक ही क्रिया, दुसरा म्हणजे पातेल्यातली आमटी. वहीत लिहिलेली पाककृती ही तिसरीच गोष्ट, ती गॅस न पेटवतासुद्धा असते. 'ॲनालिसिस' या शब्दाचंही तसंच झालंय, सोमवारी दुपारी लॅपटॉपवर तू जे करतेस ते ॲनालिसिस, ते कसं करायचं हे जिथं लिहिलंय त्यालाही ॲनालिसिसच म्हणतात आणि शेवटी जो टेबल निघतो तोही ॲनालिसिसच. म्हणजे गाइड, तू आणि मैत्रीण तिघंही एकाच शब्दाच्या तीन वेगळ्या अर्थांना धरून बसलायत. सीनियरचं वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

तुझी ऑन्टोलॉजी बहुतेक बेसिक फॉर्मल ऑन्टोलॉजीवर उभी असणार. ऊर्जा क्षेत्रातली ओपन एनर्जी ऑन्टोलॉजी तिच्यावरच बांधलीये आणि २०२१ पासून बेसिक फॉर्मल ऑन्टोलॉजी आयएसओचं स्टँडर्डही आहे, नंबर २१८३८, भाग २. तिच्यात अगदी वरच जगाचे दोन भाग केलेत, एक टिकून राहणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्या घडणाऱ्या गोष्टी. करण्याची क्रिया घडणाऱ्यात जाते. पाककृती आणि आमटीचा, सॉरी, रिझल्टचा टेबल हे माहितीच्या खाली, म्हणजे टिकणाऱ्यात. आणि या दोन भागांत सामाईक काहीही असू शकत नाही असं तिथं स्पष्ट लिहून ठेवलंय. त्यामुळे सगळ्यांना खूश ठेवायला म्हणून तू एकाच क्लासला, म्हणजे ऑन्टोलॉजीतल्या एका कप्प्याला, दोन्हीकडे टांगलंस आणि प्रोटेजेमध्ये (ऑन्टोलॉजी लिहायचं सॉफ्टवेअर) विसंगती शोधणारा रीझनर चालवलास की तो क्लास लाल होऊन थेट 'नथिंग'खाली, म्हणजे ज्यात काहीच बसू शकत नाही तिथं, जाऊन बसेल. एकदा मुद्दाम करून बघ, पटकन डोक्यात बसतं.

माझं मत गाइडच्या बाजूनं. मूळ टर्म प्रोसेसला दे, कारण बाकी सगळं त्याला लोंबकळून येतं. पद्धतीला 'सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस मेथड' असं वेगळं नाव, रिझल्टला वेगळं, आणि मध्ये नाती जोड, ही प्रोसेस त्या पद्धतीनुसार होते, तिच्यातून हा रिझल्ट निघतो. तीन क्लास झाले म्हणून बिघडत नाही.

आता खरी व्याख्या. साचा तुला माहीत असेलच, 'अ म्हणजे असा ब, जो क करतो'. ब मिळाला, प्रोसेस, किंवा थोडं खाली उतरून डेटा ॲनालिसिसची प्रोसेस. घाम निघतो तो क मध्ये. तो तपासायला मला आपल्या न्यायदर्शनातले, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातले, तीन दोष सगळ्यात सोपे वाटतात, त्यांचं उदाहरण गायीचं आहे. गाय म्हणजे कपिल रंगाची, म्हटलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, म्हटलं तर म्हशी आत घुसल्या, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराची, म्हटलं तर एकही गाय बसत नाही कारण गायीचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. टिकते ती गळ्याखाली पोळी, म्हणजे कातडीची घडी, लोंबते ती, ही व्याख्या.

तुझी व्याख्या लाव आता. 'एकेक इनपुट बदलून'. सोबोल नावाच्या गणितज्ञाच्या पद्धतीत सगळी इनपुट एकाच वेळी बदलतात, ती बाहेर राहिली, अव्याप्ती. बरं, 'एकेक' काढून 'इनपुट बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवणं' केलं, तर म्हशींचा कळप आत. सिनेरिओ तसेच चालवतात, कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल खऱ्या आकड्यांशी जुळवणं, तसंच होतं, बग शोधतानाही आपण रात्री एक वाजता हेच करत असतो. आणि गंमत म्हणजे याच व्याख्येत अव्याप्ती पण आहे, कारण मॉडेल पुन्हा न चालवताही सेन्सिटिव्हिटी काढता येते. ऊर्जेची बरीच मॉडेल्स लिनियर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे मर्यादा पाळून कमीत कमी खर्च शोधायच्या गणिताची, असतात, त्यात एकदा सोडवलं की सॉल्व्हर (ते गणित सोडवणारा प्रोग्रॅम) ड्युअल व्हॅल्यू देतो, म्हणजे ही मर्यादा एका मेगावॉटनं ढिली केली तर खर्च किती उतरेल, ते दुसऱ्या रनशिवाय समोर असतं. एक्सेलचा सॉल्व्हरसुद्धा देतो, त्या शीटचं नावच सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट. असंभवाचं उदाहरण हवं असेल तर बऱ्याच रिपोर्टच्या प्रस्तावनेत मिळेल, 'मॉडेलमधली अनिश्चितता कमी करण्यासाठी सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस केलं'. त्यानं अनिश्चितता कधीच कमी होत नाही गं, कुठून येतेय एवढं कळतं. कमी करायची तर जाऊन चांगला डेटा आणावा लागतो.

मग गायीची पोळी कुठली? वाटा. आउटपुट जे हलतंय त्यात कुठल्या इनपुटचा किती वाटा, हा प्रश्न जिथं आहे तिथं सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस. आंद्रेआ साल्तेली या विषयातलं मोठं नाव, त्यांची व्याख्याही याच दिशेची आहे, आउटपुटमधल्या अनिश्चिततेची इनपुटमधल्या वेगवेगळ्या स्रोतांवर वाटणी. नुसतं आउटपुट किती पसरतंय एवढंच काढलं तर ते अनसर्टन्टी ॲनालिसिस, सख्खी बहीण पण वेगळी.

मी अशी लिहीन : 'सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणजे डेटा ॲनालिसिसची अशी प्रोसेस, जिचा उद्देश मॉडेलच्या आउटपुटमधल्या बदलात त्या मॉडेलच्या वेगवेगळ्या इनपुटचा किंवा गृहीतकांचा कमी-जास्त वाटा किती हे ठरवणं हा असतो.' यात 'उद्देश' शब्द मुद्दाम घातलाय, कारण सगळं करून शेवटी काहीच धड कळलं नाही असंही होतं आणि तरी ते ॲनालिसिसच असतं, जशी करपलेली भाजी हा पण स्वयंपाकच. 'कमी-जास्त' यासाठी की काही पद्धती आकडा देत नाहीत, नुसता क्रम लावतात. 'गृहीतकं' यासाठी की तासातासाच्या ऐवजी वर्षाचे बारा तुकडे केले तर उत्तर किती हलतं हेही लोक तपासतात आणि ते काही इनपुट डेटा नव्हे. आणि 'मॉडेलच्या' हा शब्द कुणी काढायला सांगितला तर काढू नकोस. कोळशाच्या किमतीला उत्तर सेन्सिटिव्ह आहे म्हणजे मॉडेल तसं आहे, राज्याची ग्रिड तशी असेलच असं नाही.

राहिला सीनियर. तो चुकतोय, पण त्याला तसं वाटतं त्याला कारण आहे. ऑफिसात सर्रास म्हणतात 'बेस केस आणि वर दोन सेन्सिटिव्हिटी करून टाक', तिथं बेस केस म्हणजे मूळ आकड्यांचा रन आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे एखादं गृहीतक बदललेला रन. त्याला हवं तर 'सेन्सिटिव्हिटी व्हेरिएंट' म्हण आणि सिनेरिओच्या शेजारी बसव. सिनेरिओत मुळात एक कथा असते, उद्या असं असं झालं तर, आणि त्यात दहा गोष्टी एकमेकींना धरून एकदम बदलतात. तिथं कुणाचा वाटा किती हे विचारतच नाहीत. आणि या विषयावर प्रत्यक्ष काम करणारी माणसं हवी असतील तर लांब जायला नको, पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटानं 'रूमी' नावाचा खुला मॉडेलिंग प्लॅटफॉर्म केलाय. त्याचं डॉक्युमेंटेशन उघडून कुठला शब्द कशासाठी वापरलाय याची एक यादी कर, व्याख्या घासायला चांगला दगड आहे.

मराठी शब्दही विचारलायस ताज्या कलमात, तर 'संवेदनशीलता विश्लेषण' रूढ आहे, लेबल म्हणून देऊन टाक. मला स्वतःला तो वाचला की मतदान केंद्रं आठवतात, पण नवा शब्द पाडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी बाणेरला एका कन्सल्टन्सीत आहे. आम्ही वर्षानुवर्षं क्लायंटला टोर्नेडो चार्ट देतो (कुठल्या इनपुटनं उत्तर किती हललं त्याच्या आडव्या पट्ट्या, मोठी सगळ्यात वर), प्रत्येक इनपुट २० टक्के खाली-वर करून. नवीन आलेले बॉस म्हणतात हे सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिसच नाही, ग्लोबल, म्हणजे इनपुटच्या सगळ्या शक्य आकड्यांभर फिरून, केलं तरच ते खरं. एवढी वर्षं आम्ही काय करत होतो मग?

उत्तर : सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिसच करत होतात, फक्त अशक्त. वरची व्याख्या लावून बघा, वाट्याचाच प्रश्न विचारताय, म्हणजे आत आलात. चांगलं-वाईट हा व्याख्येचा भाग नसतो, नाहीतर भाकड गायीला गाय म्हणता यायचं नाही.

पण बॉसचं दुखणं खरं आहे. बेस केसच्या ठिकाणी उभं राहून एकावेळी एकाच दिशेला पाऊल टाकायचं आणि परत जागेवर यायचं, यात किती परिसर बघून होतो? दोन इनपुट असतील तर चौकोनाच्या आत बसणाऱ्या वर्तुळाच्या बाहेर तुम्ही कधीच जात नाही आणि ते वर्तुळ चौकोनाच्या ७८.५ टक्के भरतं, ठीक आहे. तीन इनपुट, घनात गोल, ५२ टक्के. दहा इनपुट झाली की हाच हिशोब ०.२५ टक्क्यांवर येतो. कोपरे तर बघितलेच जात नाहीत, आणि मॉडेल फसतं ते नेमकं कोपऱ्यात, जिथं दोन-तीन गोष्टी एकदम वाईट झालेल्या असतात. साल्तेलींनी २०१० मध्ये हाच मुद्दा मांडला होता, तरी टोर्नेडो चार्ट काही हटला नाही, कारण तो दिसतो छान आणि क्लायंटला दोन मिनिटांत कळतो.

दुसरी बाजू मशीनच्या वेळेची, ती बॉसना दाखवा. समजा २० इनपुट आहेत आणि एका रनला २० मिनिटं लागतात. टोर्नेडोला ४१ रन, संध्याकाळी निघताना लावा, सकाळी ऑफिसला येईपर्यंत तयार. सोबोलला साधारण हजारचं सॅम्पल घेतलं तर त्या हजारला इनपुटची संख्या अधिक दोन यानं गुणायचं, २२,००० रन, एका मशीनवर तीनशे दिवसांच्या वर. मधला रस्ता मॉरिसच्या पद्धतीचा, १९९१ चा, त्यात पाऊल एकावेळी एकाच इनपुटचं पण सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणांहून, दहा सुरुवाती धरल्या तर २१० रन, म्हणजे तीन दिवस. आधी मॉरिसनं बिनकामाची इनपुट गाळा, चार-पाच उरतील त्यांच्यावर सोबोल चालवा, बॉसही खूश.

पाषाणच्या मुलीनं इथंही लक्ष द्यावं, मॉरिस एकावेळी एक आहे आणि तरी लोकल, म्हणजे एकाच जागेभोवती घुटमळणारं, नाही. 'लोकल की ग्लोबल' हा एक निकष आणि 'एकावेळी एक की सगळी' हा दुसरा, दोन्ही एकाच फांदीवर लटकवू नकोस. आणि टोर्नेडो चार्ट हा चार्ट आहे, तो माहितीखाली जाईल.

प्रश्न : मी निवृत्त आहे, कोथरूडला जुन्या सोसायटीत स्वतःचं टेरेस आहे. ३ किलोवॉटचं सोलर बसवायचंय. व्हेंडर म्हणतो सबसिडी जाऊन १,२०,००० खर्च, वर्षाला ४,००० युनिट, युनिट १० रुपये, म्हणजे ३ वर्षांत पैसे वसूल. तुमच्या त्या ॲनालिसिसचा मला काही उपयोग?

उत्तर : काका, उपयोग आहे आणि कागद-पेन पुरेल. सबसिडीचा आकडा आधी बघा, सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० आहे, तेवढी त्यानं धरलीये का. युनिटही पटण्यासारखे आहेत, एका किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट म्हणजे ३ किलोवॉटचे वर्षाला ४,३८० होतात, पावसाळा आणि धूळ धरून त्यानं ४,००० केले.

आता दर १० च्या जागी ८ धरा, ३ वर्षांची ३ वर्षं ९ महिने झाली. दर १० च ठेवून युनिट ४,००० चे ३,२०० करा, परत ३ वर्षं ९ महिने. म्हणजे दोन्हीचा जोर सारखा. प्रत्येकानं ९ महिने वाढवले, तर दोन्ही एकदम बिघडल्यावर साडेचार वर्षं व्हायला पाहिजेत ना? करून बघा, ३,२०० गुणिले ८ म्हणजे २५,६००, त्यानं १,२०,००० ला भागलं की येतात ४ वर्षं ८ महिने. वरचे दोन महिने दोघांनी मिळून केलेत, एकट्याच्या हिशोबात ते दिसत नाहीत. बाणेरच्या साहेबांना मी कोपरा कोपरा म्हणतेय तो हाच.

दहा रुपये हा आकडा मात्र व्हेंडरचा घेऊ नका. महावितरणचे टप्पे असतात, १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढं आणखी चढा. सोलरमुळे वाचतात ते वरच्या टप्प्यातले युनिट आधी. तुमचा वापरच महिना दीडशे युनिट असेल तर महागडे टप्पे तुम्हाला लागतच नव्हते, मग वाचणार काय आणि खरं तर ३ किलोवॉट कशाला. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बसा.

आणि एक गोष्ट त्याच्या कागदावर नाहीच आहे, त्यामुळे आकडे कितीही खाली-वर केले तरी ती हाती लागणार नाही. कोथरूडला सध्या दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे. तुमच्या दक्षिणेची सोसायटी चार मजल्यांची असेल आणि तिथं उद्या अकरा मजले उभे राहणार असतील तर हिवाळ्यात दुपारी सावली पॅनलवर. ॲडव्हान्स देण्याआधी त्यांच्या सेक्रेटरींना गाठा, बिल्डरचा प्लॅन आलाय का विचारा.